टाचणातला तिसरा रकाना

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाच्या आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी, मला सोलापूरच्या पूर्व भागातील एक मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा मिळाली. मी बार्शी तालुक्यातली. सोलापूर हे माझ्याच जिल्ह्याचे ठिकाण असले, तरी या भागाविषयी मला एवढेच ठाऊक होते की येथे यंत्रमागांचा आवाज दिवसभर चालू असतो आणि काही दुकानांच्या पाट्यांवर मराठीच्या जोडीने तेलुगू अक्षरे दिसतात. आमचा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला आणि शाळेत प्रत्यक्ष घालवायचा काळ एकूण २० आठवड्यांचा ठरला: पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. पूर्वीचे छात्राध्यापक ठरलेले सराव पाठ घेऊन निघून जात, असे आमचे वरिष्ठ सांगतात. सोळा आठवडे एका शाळेत राहायचे म्हटल्यावर मात्र त्या शाळेची भाषा कानांवर पडल्याशिवाय राहत नाही, आणि ज्याला भाषाच शिकवायची आहे त्याच्या दृष्टीने ही तरतूद अभ्यासक्रमातील बाकी सर्व तरतुदींपेक्षा अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत झाले आहे.

पहिल्या दिवशी महाविद्यालयाचे पत्र मुख्याध्यापकांना दिले, पर्यवेक्षकांकडून वेळापत्रक उतरवून घेतले आणि शिक्षक कक्षात भिंतीकडेची एक खुर्ची मिळाली. त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. मुलांनी मात्र तासाभरात माझे नामकरण ‘बी.एड.च्या बाई’ असे करून टाकले.

परिपाठात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार आणि दिनविशेष असा नेहमीचा क्रम होता. ‘भारत माझा देश आहे’ ही प्रतिज्ञा मुले खड्या आवाजात म्हणत होती. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शक शिक्षिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणते, त्या नंतर मला म्हणाल्या, “ही प्रतिज्ञा मुळात तेलुगूत लिहिलेली आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?” मला माहीत नव्हते. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये विशाखापट्टणमला कोषागार अधिकारी असताना लिहिली. समोरच्या रांगांतील निम्म्याहून अधिक मुले घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही दखनी उर्दू. त्यांच्यापैकी नववी-दहावीच्या मुलांच्या हातातील मराठीच्या पुस्तकावर मात्र ‘कुमारभारती’ असे नाव आहे, आणि कुमारभारती हे प्रथम भाषेचे पुस्तक आहे. ज्यांची मराठी दुसरी भाषा मानली जाते त्यांच्यासाठी ‘अक्षरभारती’ असते. परंतु ती इतर माध्यमांच्या शाळांत. शाळेचे माध्यम मराठी म्हणून मुलाची प्रथम भाषा मराठी, एवढाच हा हिशेब आहे.

मोठ्या बाईंचे माहेरही पद्मशाली या तेलुगूभाषक विणकर समाजातले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात कापड गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि तेव्हाच्या निजामाच्या राज्यातील तेलंगणातून विणकर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथे येत राहिली. पुढे चादरी आणि टॉवेल विणणारे माग त्यांच्याच घरांत आणि गल्ल्यांत आले. स्त्रियांच्या हाती विड्या वळण्याचे काम आले, ज्याची मजुरी अजूनही हजार विड्यांमागे ठरते. मोठ्या बाई अशाच घरातून मराठी शाळेत शिकल्या आणि मराठीच्या शिक्षिका झाल्या. त्यामुळे मुलाचे वाक्य कोठे अडते आणि का अडते, हे त्यांना व्याकरणाच्या पुस्तकात पाहावे लागत नाही.

आता टाचणाविषयी. बाहेरच्या वाचकासाठी सांगते की पाठ टाचण म्हणजे रकाने पाडलेला एक मोठा कागद असतो. आमच्या महाविद्यालयाच्या नमुन्यात पहिला रकाना अध्यापन मुद्द्याचा, दुसरा शिक्षक कृतीचा, तिसरा विद्यार्थी कृतीचा आणि चौथा फलकलेखनाचा. दुसऱ्या रकान्यात आपण विचारणार तो प्रश्न लिहायचा आणि तिसऱ्यात विद्यार्थी देणार ते उत्तर. म्हणजे उत्तर मुलाचे, पण ते आदल्या रात्री निळ्या शाईने आपणच लिहून ठेवायचे. सूक्ष्म अध्यापनाच्या सरावात हा रकाना कधी खटकला नाही, कारण तेथे विद्यार्थी म्हणून आपलेच वर्गमित्र बसलेले असतात. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठावरच्या प्रतिक्रिया), बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण, अशा ३६ मिनिटांच्या चक्रात प्रत्येक जण दुसऱ्याला हवे ते उत्तर अगदी मनापासून देतो. कोणी प्रस्तावनेसाठी “पावसाळ्यात आकाशात सात रंगांचे काय दिसते?” असे विचारले की पंचवीस वर्षांचे गृहस्थ हात वर करून “इंद्रधनुष्य” म्हणतात. या नाटकाचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. फळ्याकडे पाठ न करता लिहिणे, प्रश्न विचारल्यावर थांबणे, या गोष्टी तेथेच अंगवळणी पडतात. पण ऐकणे तेथे अंगवळणी पडत नाही.

सुरुवातीचे दिवस निरीक्षणाचे होते. शेवटच्या बाकावर बसून मोठ्या बाईंचे तास पाहायचे आणि निरीक्षण वहीत नोंदी करायच्या. दहावीचा वर्ग प्रशिक्षणार्थीच्या हाती द्यायला कोणतीही शाळा सहसा तयार नसते, म्हणून माझ्या वाट्याला आठवी आणि नववी आली. नववीत बातमी लेखन चालू होते. दहावीच्या ८० गुणांच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, २४ गुण उपयोजित लेखनाला असल्यामुळे पत्र, बातमी, कथा, निबंध यांची तयारी नववीपासूनच करून घेतली जाते. विषय होता नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, जो या भागातील सर्वांत मोठा उत्सव आहे. मुलांनी भराभर लिहिले, आणि वाचून दाखवताना एकामागून एक वाक्ये येऊ लागली: “आम्ही रथ ओढलो”, “मी प्रसाद वाटलो”, “मी मिरवणुकीत भाग घेतलो”.

ही वाक्ये मी नोंदवहीत ‘प्रयोगाच्या चुका’ या शीर्षकाखाली उतरवली. तास संपल्यावर मोठ्या बाईंनी वही पाहिली आणि विचारले, “चूक म्हणता ती एकच आहे की वेगवेगळ्या?” पाहिले तर ती एकच होती, आणि सर्वांची एकच होती. तेलुगूत ‘नेनु अन्नम् तिन्नानु’ म्हणजे ‘मी भात खाल्ला’. या क्रियापदाच्या शेवटी असलेला ‘नु’ बोलणाऱ्याचा असतो. भात असो की भाकरी, त्याचा क्रियापदाशी संबंध नसतो. मराठीत मात्र भूतकाळात बहुतेक सकर्मक क्रियापदे कर्त्याला सोडून कर्माकडे वळतात: भात खाल्ला, भाकरी खाल्ली, केळे खाल्ले. शिवाय तृतीय पुरुषात ‘ने’ लागून कर्ता निदान आपली जागा दाखवतो. ‘मी’ आणि ‘तू’ जसेच्या तसे राहतात, त्यामुळे ‘मी भाकरी खाल्ली’ या वाक्यात क्रियापद ‘मी’च्या मागे का जात नाही, याची कोणतीही खूण वाक्यात दिसत नाही. खुद्द सोलापूर शहराच्या बोलीतही, ज्यांच्या घरी तेलुगू नाही त्यांच्याही तोंडी, ‘मी काम केलो’ असे रूप सहज ऐकू येते. म्हणजे मूल घरी, गल्लीत आणि रिक्षात जे ऐकते त्याला धरूनच बोलत असते. एकट्या पुस्तकातले रूप वेगळे असते.

लिंगाचेही तसेच आहे. तेलुगूत ‘अन्नय्य वच्चाडु’ म्हणजे मोठा भाऊ आला; पण ‘चेल्ली वच्चिंदी’ म्हणजे धाकटी बहीण आली आणि ‘बस्सु वच्चिंदी’ म्हणजे बस आली. एकवचनात स्त्रीलिंग आणि वस्तू यांचे क्रियापद एकच. त्या मुलाला मराठीतील तीन लिंगे, आणि त्यातही खुर्ची स्त्रीलिंगी, टेबल नपुंसकलिंगी, फळा पुल्लिंगी, हे एकेका शब्दागणिक पाठ करावे लागते. याउलट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत ही मुले सहसा गफलत करीत नाहीत, कारण तेलुगूतही ‘मेमु’ आणि ‘मनम्’ असा हाच भेद आहे. “आम्ही रथ ओढलो” असे वाचणाऱ्या मुलीने मधल्या सुट्टीत मला अगदी सहज सांगितले, “बाई, पुढच्या वर्षी आपण मिळून जाऊ.” त्या ‘आपण’मध्ये मी होते, रथाच्या ‘आम्ही’मध्ये नव्हते. हिंदीभाषक प्रौढांना जो भेद अनेक वर्षे महाराष्ट्रात राहूनही जमत नाही, तो येथे आठवीच्या मुलाला जन्मतः मिळालेला असतो. याला कोणत्याही कृतिपत्रिकेत गुण नाहीत.

माझा पहिला स्वतंत्र तास टाचणाशिवायच झाला, आणि बहुतेक छात्राध्यापकांच्या बाबतीत असेच घडते. कोणी शिक्षक रजेवर असले की बदली तास प्रशिक्षणार्थीकडे येतो. पर्यवेक्षक दारात येऊन “नववी ब सांभाळा” एवढेच म्हणाले. ‘सांभाळा’ या सूचनेत ‘शिकवा’ अभिप्रेत नसते, हे मला कळत होते. तरीही ३५ मिनिटे गप्प बसवून ठेवण्यापेक्षा रथोत्सवाच्या बातमीतील तीन वाक्ये मी नाव न सांगता फळ्यावर लिहिली आणि शेजारी प्रमाण रूपे लिहिली: रथ ओढला, प्रसाद वाटला, भाग घेतला. मग भाकरीचे उदाहरण घेतले. तेव्हा खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर केला.

“बाई, मी पाणी प्यायलो, हे चालतं का?”

“चालतं.”

“मग मी भाकरी खाल्लो का चालत नाही?”

त्याच्यामागून दुसऱ्याने ‘मी डबा विसरलो’ काढले, एका मुलीने ‘मी मराठी शिकले’. क्रिकेट खेळणाऱ्यांपैकी एकाने विचारले की ‘आम्ही मॅच हरलो’ बरोबर असेल तर ‘आम्ही मॅच जिंकलो’ म्हणायचे की ‘जिंकली’. हा शेवटचा प्रश्न तर मोठ्यांनाही सुटलेला नाही; ‘भारताने सामना जिंकला’ आणि ‘भारत सामना जिंकला’ ही दोन्ही रूपे छापलेली आढळतात. पिणे, विसरणे, शिकणे, बोलणे, हरणे अशी काही क्रियापदे कर्म असूनही भूतकाळात कर्त्याप्रमाणे चालतात, आणि व्याकरणे त्यांची अपवाद म्हणून नोंद करतात. हा अपवाद का पडला, याचे नववीच्या मुलाला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते आणि तसे मी वर्गाला सांगितले. वर्गाने ते मोठ्या उत्साहाने स्वीकारले. मुलांना पाठ्यपुस्तक कोंडीत सापडलेले पाहायला आवडते. तास संपेपर्यंत आम्ही फळ्याच्या एका बाजूला ‘विसरलो’च्या घरातली क्रियापदे आणि दुसऱ्या बाजूला ‘खाल्ली’च्या घरातली क्रियापदे लिहीत राहिलो.

दुसऱ्या दिवशी हे मोठ्या बाईंना सांगितल्यावर त्यांनी आपली युक्ती सांगितली. ‘मी’ काढून तेथे ‘आई’ ठेवायची. आईला ‘ने’ लागला तर क्रियापद कर्माचे: आईने भाकरी खाल्ली, म्हणून मी भाकरी खाल्ली. ‘ने’ लागला नाही तर क्रियापद कर्त्याचे: आई डबा विसरली, म्हणून मी डबा विसरलो. बहुतेक मुलांच्या कानाला ‘ने’ ओळखीचा असल्यामुळे ही कसोटी त्यांना वापरता येते. जी मुले बोलताना ‘आई भाकरी केली’ असेच म्हणतात, त्यांच्यापुढे मात्र ती निरुपयोगी ठरते, आणि त्यांच्याकडून वाक्ये लिहूनच घ्यावी लागतात, असेही त्यांनी सांगितले. बाईंच्या वह्या तपासण्याच्या पद्धतीत तांबडी फुली नसते. त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारतात आणि समासात ‘आई?’ एवढेच लिहितात. ते मुलाला समजते.

महाविद्यालयातून पाठ निरीक्षणासाठी प्राध्यापक आले तेव्हा मी नववीला बातमी लेखनच घेतले. टाचणातील तिसऱ्या रकान्यात या वेळी मी प्रत्येक प्रश्नापुढे दोन उत्तरे लिहिली होती: एक प्रमाण, आणि त्याखाली या वर्गात प्रत्यक्ष ऐकलेले. निरीक्षण पत्रिकेत प्रस्तावना, आशयज्ञान, प्रश्न, फलकलेखन यांचे रकाने नियमाप्रमाणे भरले गेले आणि शेरा मिळाला की ‘विद्यार्थी कृतीत अशुद्ध वाक्ये लिहू नयेत’. मला हा शेरा मान्य नाही. टाचण हा जर वर्गात काय घडेल याचा आगाऊ विचार असेल, तर मूल काय म्हणेल याचाही तो प्रामाणिक विचार असायला हवा. शुद्ध उत्तरांचा रकाना निरीक्षकासाठी ठीक आहे, शिक्षकाला त्यातून काहीच तयारी करता येत नाही. चर्चेच्या वेळी मी हे नम्रपणे मांडले. प्राध्यापकांनी शेरा बदलला नाही, पण मोठ्या बाईंकडून ‘आई?’ची पद्धत मात्र स्वतःच्या डायरीत लिहून घेतली.

आता नववी ब चे पत्रलेखन पूर्णपणे माझ्याकडे आले आहे. औपचारिक पत्रात ‘मी आपल्या दुकानातून पुस्तके मागवली’ हे वाक्य जवळपास प्रत्येक वेळी लागते, म्हणून ‘मागवलो’ येणार हे गृहीत धरूनच टाचण लिहिले आहे. क्रियापदांच्या दोन याद्या मुलांनी कार्डशीटवर उतरवून मागच्या भिंतीवर लावल्या आहेत. ‘जिंकणे’ कोणत्या यादीत घालायचे यावर एकमत न झाल्यामुळे ते दोन्हींच्या मधोमध लिहिलेले आहे.