छातीच्या सोनोग्राफीला एफ फॉर्म

बाळंतपणानंतर छातीला सूज आली, ताप चढला, पू झाला, तो काढला, बरी झाले. यातल्या कशाचाच आता राग नाही. राग आहे तो सोनोग्राफीच्या खिडकीचा, आणि तो अजून उतरत नाही म्हणून लिहायला बसलेय.

बाळंतपणाला मी माहेरी, सांगलीला होते. बाळ महिन्याचंही नव्हतं तेव्हा एका संध्याकाळी हुडहुडी भरून आली. अंग मोडून निघालं. रात्री पाजायला घेतलं तर डावी बाजू कडक, काखेच्या दिशेनं लालभडक पट्टा, ब्लाउजचा स्पर्शही नको. बोंडाला चीर आधीपासून होतीच. मावशीनं दुधाला दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, आईनं तव्यावर फडकं तापवलं. सकाळी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी बघताक्षणी सांगितलं, स्तनदाह आहे. दूध साठून राहतं, चिरेतून जंतू शिरतात, पहिल्या काही आठवड्यांत हे जास्त दिसतं. अमोक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्या, ताप-सुजेसाठी आयब्युप्रोफेन. दोन्ही गोळ्या पाजणाऱ्या आईला चालतात. चोळायचं नाही, शेगडी लांब ठेवायची, आणि पाजणं अजिबात थांबवायचं नाही. दोन दिवसांत उतार पडला नाही तर सोनोग्राफी.

ताप उतरला, गाठ हलली नाही. बाईंकडे मशीन नव्हतं, म्हणून त्यांनी एका मोठ्या दवाखान्यातल्या सर्जनकडे पाठवलं. (नाव लिहीत नाही.) केस पेपर झाला, नंबर आला. सर्जरीच्या बाहेर सगळे हर्निया आणि मूळव्याधवाले पुरुष, मधे मी बाळ घेऊन. सर्जन तरुण होते, नीट बोलले, नीट तपासलं, आणि चिठ्ठीवर फक्त ‘यूएसजी’, म्हणजे सोनोग्राफी, एवढंच लिहून खाली सही मारली.

घोळ त्या चिठ्ठीनं केला.

खिडकीतल्या मुलानं चिठ्ठी पाहिली, माझ्या पोटाकडे पाहिलं (ते अजून पुरतं उतरलं नव्हतं) आणि कीबोर्ड पुढे ओढला.

“शेवटची पाळी कधी, मॅडम?”

“बाळंतीण आहे मी. हे काय बाळ. पाळी कुठली?”

“तारीख लागते. कॉलम रिकामा ठेवता येत नाही.” मग पुढचा प्रश्न: “मुलं किती? मुलगे किती, मुली किती?”

तेव्हा कळलं की हा एफ फॉर्म भरतोय. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा 1994 चा कायदा आहे ना, त्याखाली गरोदर बाईची सोनोग्राफी करताना भरायचा तो फॉर्म. म्हटलं, “अहो, माझी छातीची करायची आहे.”

“चिठ्ठीवर तसं कुठंय?”

नव्हतंच. आणि एक सांगते, त्या मुलाची भीती मला कळत होती. 2017 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, म्हैसाळला, पुरलेले भ्रूण सापडले होते. या भागात सोनोग्राफीचा कागद चुकला तर काय होईल हे कुणाला सांगावं लागत नाही. पण मी स्वतः पंचायत समितीत टेबल सांभाळते. कुठला फॉर्म कुणासाठी असतो हे बघणं हेच तर आमचं काम. म्हटलं, “लागू नाही असं लिहा.” म्हणाला, “ऑनलाइनला लागू नाही घेत नाही.” म्हटलं, “मग फॉर्मच लागू नाही.” तो म्हणाला, “लेडीज पेशंट आली की आम्ही भरतोच.”

आणा चिठ्ठी दुरुस्त करून. परत वर गेले तर सर्जन ऑपरेशनला. कधी येतील? सांगता येत नाही. दुसरं कुणी दोन शब्द लिहील का? नाही, सही त्यांची आहे. बसा. बसले. डाव्या बाजूला ठणका, बाळ भुकेनं रडायला लागलेलं, आणि पाजायला जागा नाही. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, इथं प्रसूती विभाग असूनही नव्हता. शेवटी ड्रेसिंगच्या खोलीत पडदा ओढून पाजलं. तिथल्या एक सिस्टर आत डोकावून म्हणाल्या, “पाजू नका हो, पू बाळाच्या पोटात जाईल. दूध बंद व्हायची गोळी लिहून घ्या.” आईचा चेहरा पांढरा पडला. खरं तर अशा वेळी दूध एकदम तोडलं की ते आणखी साठतं आणि गळू व्हायचा धोका वाढतो. बाईंनी हे मला बजावूनच पाठवलं होतं. मी पाजत राहिले.

सर्जन आले, ओशाळले, लिहून दिलं: ‘डावा स्तन, गळू आहे का पाहणे’. खाली आले तर जेवणाची सुट्टी. सुट्टी संपली तर तोच मुलगा, तोच फॉर्म, ‘एकदा सरांना विचारतो’. हे ‘सर’ फोन उचलेनात. मी खिडकीसमोरून हलले नाही. मागच्या रांगेचे टोमणे ऐकले, पण हलले नाही. आवाज ऐकून आतून रेडिऑलॉजिस्ट बाई बाहेर आल्या. चिठ्ठी वाचली आणि त्या मुलाला विचारलं, “या गरोदर आहेत का? मग एफ फॉर्म कशाला उघडलास?” दोन मिनिटांत मी आत टेबलावर.

म्हणून डॉक्टरांच्या टेबलावरून उठायच्या आधी चिठ्ठी वाचा. कुठला अवयव, कुठली बाजू, काय बघायचंय, तिन्ही लिहून घ्या. संकोच करू नका, डॉक्टरांना वाईट वाटत नाही.

पुढचं सगळं पटापट झालं. आत पू साठलेला होता. जागा बधिर करून, सोनोग्राफीत बघत सुईनं ओढून घेतला. काही दिवसांनी पुन्हा एकदा ओढावा लागला, पण चिरा द्यावा लागला नाही. पू तपासायला पाठवला होता, त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस निघाला, नेहमीचाच जंतू. गोळ्या त्याच चालू राहिल्या. बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडू नका. सुईची जागा बोंडापासून लांब होती, त्यामुळे त्या बाजूनंही पाजता आलं.

शेकाबद्दल राहिलंच. पाजून झाल्यावर थंड पट्टी, हाच मला खरा आराम. गरम फडकं लावायचंच तर पाजायच्या जरा आधी, अगदी थोडा वेळ. आणि गाठ फोडायची म्हणून पंपानं दूध उपसत बसू नका. जास्त काढलं की जास्त येतं आणि सूज वाढते. बाळ पितं तेवढं पुरे. दवाखान्यात जाताना पुढे बटणं असलेला गाऊन घाला, वर ओढणी. मी कुर्ता घालून गेले होते, तो डोक्यावरून काढताना डावा हात वर होईना.

गाठ विरायला वेळ लागतो, पण काही आठवडे तशीच राहिली तर पुन्हा दाखवा, दूध येतंय म्हणून गाठ असणारच असं धरून चालू नका.

मधे बाळ डाव्या बाजूला तोंड लावून मान फिरवायचं तेव्हा मावशी पुन्हा मीठमोहऱ्या घेऊन उभी. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, सुजेत दुधातलं सोडियम वाढतं, चव खारट लागते. आधी तीच बाजू द्या, झोपेत असताना द्या, घेईल. घेतलं.