जुन्या एमजीबीचं इंजिन बांधताना: मायक्रोमीटर आधी, खरेदी नंतर

130, 125, 85, 90. सिलिंडरमधला दाब मोजणाऱ्या कॉम्प्रेशन टेस्टरवरचे हे चार सिलिंडरांचे आकडे (पीएसआयमध्ये) वहीत लिहिले तेव्हाच कळलं की इंजिनचं काम निघालं.

गाडी 1966 ची एमजीबी, उघड्या छपराची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. 1798 सीसीचं चार सिलिंडरचं बी-सिरीज इंजिन, ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाची, व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, तिथून वर जोर पोचवायला पुशरॉड, आणि हवा-पेट्रोल द्यायला दोन एसयू कार्ब्युरेटर. 1962 मध्ये एमजीबी आली तेव्हा क्रँकला, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरकीत बदलणाऱ्या दांड्याला, आधार देणारी मेन बेअरिंग तीनच होती. ऑक्टोबर 1964 पासून पाच झाली. माझं पाचवालं. बांधायला घेतलेल्या माणसाला चुका माफ करणारं हे इंजिन आहे, पण त्यालाही मर्यादा आहे आणि ती मी पहिल्याच आठवड्यात गाठली.

टेस्ट नीट केली होती. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले की पहिला संशय हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटवर, त्या दोघांमधल्या भागावर जातो. म्हणून प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजलं. तिसऱ्याचे 85 चे 115 झाले, म्हणजे गळती पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामधून. चौथा 90 वरून 95 वर जाऊन थांबला, म्हणजे तिथे व्हॉल्व्ह बसत नव्हते. गॅस्केट सुटलं असतं तर तेलाने दोन्हीकडे फारसा फरक पडला नसता. फुकटात झालेल्या या तपासणीने पुढची दिशा दिली.

आणि तरीही मी चूक केली. बोअर गेलंय हे कळल्याबरोबर 20 थाऊ ओव्हरसाइज, म्हणजे मूळपेक्षा तेवढ्या मोठ्या, पिस्टनचा संच स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊन टाकला. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मशीन शॉपमध्ये सगळं बोलणं याच मापात चालतं. इंजिन अजून गाडीतच होतं. ते खोलून ब्लॉक लेथवाल्या काकांकडे नेला तेव्हा त्यांनी बोअर गेज तिसऱ्या सिलिंडरमध्ये उतरवला, फिरवला, आणि विचारलं, "पिस्टन घेतलेस का रे आधीच?"

झीज 11 थाऊ होती, आणि जवळजवळ सगळी एकाच बाजूला, जिकडे पॉवर स्ट्रोकमध्ये पिस्टन रेटला जातो तिकडे. सिलिंडरचा मध्य मूळ जागेवर ठेवायचा तर समोरच्या बाजूनेही तेवढंच काढावं लागतं. 11 आणि 11, 22. विसात ते बसत नाही. मध्य सरकवून बोअर केलं असतं तर काम निघून गेलं असतं, पण पिस्टन कायमचा थोडा एका अंगाला चालला असता. काकांनी सरळ नाही म्हटलं. 30 थाऊचा संच घ्यावा लागला आणि पहिला मला नुकसानीत विकावा लागला. त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: मोजल्याशिवाय काही घ्यायचं नाही.

त्यानंतर बजेटची मांडणीच बदलली. निम्मे पैसे मशीन शॉपसाठी बाजूला काढले: रिबोअर (सिलिंडर कापून मोठे करणं), क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग (तळ सपाट कापणं), व्हॉल्व्ह सीट. साधारण पाव हिस्सा जे पुन्हा वापरताच येत नाही त्यासाठी: बेअरिंग शेल (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्ट्या), गॅस्केट, ऑइल पंप, टायमिंग चेन, ऑइल सील. पिस्टन आणि रिंगा उरलेल्यात. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, वेबर कार्ब्युरेटर, चकचकीत रॉकर कव्हर हे सगळं यादीतून गेलं. वाईट वाटलं, नाही असं नाही; वेबरचा तो आत घेतलेल्या श्वासासारखा आवाज मला फार आवडतो. पण झिजलेल्या क्रँकवर वेबर लावण्यात अर्थ नव्हता.

क्रँकच्या चारही पिना, जिथे पिस्टनचे कनेक्टिंग रॉड जोडले जातात, दोन दिशांनी मोजल्या. मायक्रोमीटर एका जागी लावून समाधान मानू नये; पिन गोलाऐवजी लंबगोल झिजते आणि ते आडवं-उभं मोजल्याशिवाय दिसत नाही. दोन पिना 2 थाऊने लंबगोल निघाल्या. मग मेन आणि पिना दोन्ही 10 थाऊ अंडरसाइज (मूळपेक्षा बारीक) ग्राइंड करून घेतल्या आणि शेल त्यानंतर, त्या मापाचे मागवले.

ब्लॉक बोअर आणि होन (बोअरच्या भिंती बारीक घासणं) होऊन आल्यावर सगळ्यात कंटाळवाणं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम सुरू झालं: धुणं. होनिंगची बारीक कुरुंदाची पूड बोअरच्या रेषांत अडकलेली असते. रॉकेल किंवा पेट्रोलने ती पसरते, निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश लागतो. पांढरं फडकं फिरवायचं, करडं आलं की पुन्हा धुवायचं. माझं सातव्या वेळी पांढरं राहिलं. लगेच पुसून तेल फासलं, कारण बिडावर बघता बघता गंज चढतो. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग मशीन शॉपने काढले असतील असं मी धरून चाललो होतो. काढले नव्हते. मी ते उघडून आत लांब ब्रश घातला तर धातूचा चुरा निघाला, चिमूटभर. तो नव्या शेलमध्ये गेला असता तर पहिल्याच दिवशी सगळं वाया गेलं असतं.

आता सुधारणेबद्दल, कारण नुसतं जुनं नवं करायला मी बसलो नव्हतो. या हेडला पोर्ट पाचच. इनलेटचे दोन, एकेक पोर्ट दोन सिलिंडरांत वाटलेला. एक्झॉस्टचे तीन, मधला दुसऱ्या-तिसऱ्याचा सामाईक. त्यामुळे यातून किती ताकद काढता येईल याला मुळातच सीमा आहे, आणि पोर्ट नुसते मोठे करून ती ओलांडता येत नाही. हॅरी वेस्लेक यांच्या कामातून आलेला हृदयाच्या आकाराचा कंबशन चेंबर मात्र चांगला आहे. दोन व्हॉल्व्हच्या मध्ये जे टोक आत येतं ते मिश्रणाला वळण देतं. उत्साहाच्या भरात ते घासून टाकलेली हेडं मी पाहिली आहेत. मी फक्त सीटच्या मागची ओतकामाची धार काढली, व्हॉल्व्ह गाइडभोवतीचा खडबडीतपणा उतरवला आणि पोर्टची तोंडं मॅनिफोल्डच्या गॅस्केटशी जुळवली. आरशासारखं पॉलिश केलं नाही. इनलेटला त्याचा उपयोगही नाही.

चेंबर मोजणं हा यातला माझा आवडता भाग. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, भोक पाडलेली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चेंबरवर दाबायची आणि ब्युरेटमधून रंगीत पाणी सोडायचं. माझे चार चेंबर 41.6 पासून 43.3 सीसीपर्यंत निघाले. लहान तीन थोडे थोडे घासून सगळे 43.3 ला आणले. दोन संध्याकाळी गेल्या, खर्च शून्य. मग हिशेब. 30 थाऊने बोअर वाढून एका सिलिंडरचा स्ट्रोकचा व्हॉल्यूम 458 सीसी झाला, एकूण सुमारे 1830. नुसत्या त्यानेच मूळचं 8.8 कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण) 9 च्या जवळ जातं. मला 9.2 हवं होतं. म्हणजे पिस्टन वर असताना उरणारी सगळी जागा, चेंबर, पिस्टनची वाटी, गॅस्केटची जाडी आणि पिस्टन ब्लॉकच्या काठाखाली जेवढा थांबतो ती फट धरून, 55.9 सीसी. तेवढं येईपर्यंत हेड थोडं थोडं फेस करून घेतलं. 10 च्या पुढे जायचा मोह झाला होता, पण बिडाच्या हेडमध्ये उष्णता साठते आणि साध्या पेट्रोलवर नॉकिंगशी (मिश्रण अवेळी भडकून होणाऱ्या ठोक्यांशी) भांडत बसावं लागतं.

शिसं नसलेल्या पेट्रोलवर या हेडच्या एक्झॉस्ट सीट हळूहळू आत खचतात, म्हणून चारही एक्झॉस्टला कडक सीट बसवल्या. चौथ्या सिलिंडरचा दोषी व्हॉल्व्ह काठावर जळालेला होता, तो बदलला.

कनेक्टिंग रॉड मी स्वतः तोलले. एक टोक टांगून दुसरं वजनकाट्यावर, मग उलट. सगळ्यात हलक्याशी बाकीचे जुळवत कॅप आणि छोट्या टोकाकडचं धातू घासलं, बीमला, म्हणजे मधल्या दांड्याला, हात लावला नाही. चौघे एका ग्रॅमच्या आत आले.

कॅमशाफ्ट नवी घेतली, मूळपेक्षा किंचित जास्त ताकदीच्या घडणीची, आणि तिच्याबरोबर तिच्यावर घासत चालणारे आठही टॅपेट नवे. जुने टॅपेट नव्या कॅमवर घालणं ही बचत नाही. जुनी झीज कॅमच्या नव्या लोबला (उंचवट्याला) खाते. गिअरवरच्या खुणा जुळवून बसवली आणि डायल गेज व अंशांच्या चकतीने तपासली तर कॅम 4 अंश मागे होती. ऑफसेट चावी (गिअर थोडा सरकवून बसवणारी खिट्टी) घालून ती पुढे आणली. खुणांवर विसंबलो असतो तर खालच्या आरपीएमची ओढ गेली असती आणि कारण कधी कळलं नसतं.

जोडणी शांतपणे केली. प्रत्येक शेलवर फट मोजणारा प्लॅस्टिगेजचा मऊ धागा ठेवून कॅप आवळायची, पुन्हा काढून चपटलेल्या धाग्याची रुंदी बघायची. मेनला सगळीकडे 2 थाऊच्या आसपास फट मिळाली. रिंगांची फट बोअरमध्येच मोजली, 13 थाऊ. दर इंच बोअरला 4 या हिशेबाने बरोबर. मेन कॅप 70 फूट-पाउंड, हेडचे 11 नट मधून बाहेर जात तीन टप्प्यांत 50.

सुरू करताना घाबरलो, हे सांगायला हवं. प्लग काढून स्टार्टर फिरवला, तेलाचा दाब शून्य. पुन्हा फिरवला, शून्य. या इंजिनाचा पंप कोरडा राहिला तर तेल ओढत नाही हे वाचलेलं होतं, पण त्या क्षणी गॅलरीचा एखादा प्लग विसरलो की काय याच विचाराने हातपाय गार पडले. ऑइल कूलरचा पाइप सोडून पिचकारीने उलट्या दिशेने तेल ढकललं, पाइप जोडला, फिरवला. काटा उठला.

नवी कॅम असल्याने पहिली 20 मिनिटं इंजिन आयडलवर येऊ द्यायचं नसतं. 2000 ते 2500 आरपीएम, झिंक-फॉस्फरस असलेलं तेल. आयडलला लोबवर तेलाचा शिडकावा कमी पडतो आणि कॅम त्या पहिल्या मिनिटांतच खराब होऊ शकते. म्हणून सुरू व्हायच्या आधीच पाणी, पेट्रोल, इग्निशन सगळं दोनदा बघितलं होतं.

कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलचे दांडे झिजून बाजूने हवा जात होती. नवे दांडे आणि बुश, बस. त्याआधी आयडल जुळवायचा मी वर्षभर प्रयत्न करत होतो, सुया बदलून बदलून.

500 किलोमीटरनंतर हेड पुन्हा आवळलं. काही नट रॉकरचेही असल्याने टॅपेटची 15 थाऊची फट त्यानंतर पुन्हा लावली, आणि तेल बदललं. 1000 ला कॉम्प्रेशन घेतलं: 165, 160, 165, 165. गरम इंजिनाचा तेलाचा दाब रस्त्यावर 65 पीएसआय, आयडलला 20. आधी 35 आणि जेमतेम 8 असायचा. ज्या चढावर तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागायचं तिथे आता तिसरा तसाच खेचतो.

इंजिनचा गोंगाट कमी झाल्यावर मागून एक खणखण ऐकू येऊ लागली आहे, अ‍ॅक्सिलरेटर सोडताना आणि पुन्हा दाबताना. मागच्या चाकांना फिरकी वाटणाऱ्या डिफरन्शिअलमधले थ्रस्ट वॉशर झिजले असावेत. डायल गेज पुन्हा बाहेर काढलं आहे. वॉशर अजून मागवलेले नाहीत.