अकरा ॲप, एक टोमॅटो आणि माझी शुगर

फेब्रुवारीत कंपनीचं वार्षिक मेडिकल झालं आणि माझा एचबीएवनसी, म्हणजे शुगरची रक्ततपासणी, ६.१ आला. मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला आहे, सतरा वर्षं झाली, पार्ट टॉलरन्सबाहेर गेला की त्याला लाल टॅग लावायचं काम माझं, आणि इथं माझाच रिपोर्ट लाल अक्षरात. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून वर डायबेटिस, मधे लटकलेले ते प्रीडायबेटिस. बीपी १३८/८८, वजन ८६. कॅनडा कॉर्नरला आमचे नेहमीचे डॉक्टर आहेत त्यांच्याकडं गेलो, ते म्हणाले गोळी आत्ता नको, तीन महिने देतो तुम्हाला, हा आकडा म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब असतो त्यामुळं आठ दिवसांनी परत तपासायला धावू नका. अमेरिकेत २००२ साली अशाच काठावरच्या लोकांचा मोठा अभ्यास आला होता, वजन ७ टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम हे टार्गेट दिलेल्या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, हे पण त्यांनीच सांगितलं. "तुमचे ७ टक्के म्हणजे ६ किलो. आणि रात्रीचं जेवण आठच्या आत." झालं, एवढंच.

आता एवढं सरळ सांगितलेलं असताना मी काय केलं, तर त्याच रात्री पलंगावर पडल्या पडल्या अकरा ॲप डाउनलोड केले. पावलं मोजायचे तीन, कॅलरीचे दोन, पाण्याचा एक, झोपेचा एक, उपवासाचा एक, बीपीचा एक, योगाचा एक आणि एक कशाचा होता ते मला अजून सांगता येणार नाही, त्यात हिरवं पान होतं आणि ते रोज एक सुविचार पाठवायचं. चार दिवसांत फोनची अवस्था लग्नघरासारखी, सतत कोणीतरी हाक मारतंय. कस्टमर ऑडिट चालू होतं, पुण्याहून दोन साहेब आलेले, कॉन्फरन्समधे सगळे गंभीर, आणि माझ्या खिशातून बाईचा आवाज, "पाणी पिण्याची वेळ झाली आहे." ऑडिटर हसला आणि खरंच पाणी प्यायला, पण आमच्या मॅनेजरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

घरी मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही कंपनीत आधी ड्रॉइंग बघता ना, मग गेज घेता? इथं आधी सगळी गेजं विकत घेऊन बसलात." गेज म्हणजे माप तपासायचं साधन. अकरावीतली पोरगी, पण बरोबर जागी बोट ठेवलं. मग रविवारी वही घेऊन बसलो. डॉक्टरांनी मागितलं काय होतं? आठवड्याला १५० मिनिटं, आठच्या आत जेवण, ६ किलो, आणि बीपीवर लक्ष. चारच गोष्टी. झोप, पाणी, सुविचार यांच्याबद्दल ते बोललेच नव्हते, ते तीन ॲप तिथल्या तिथं उडवले. (योगाचा ठेवला थोडे दिवस, आयुष मंत्रालयाचा वाय-ब्रेक, पाच मिनिटांचा आहे, खुर्चीत बसणाऱ्यांसाठी चांगला आहे पण मी दिवसभर उभा असतो त्यामुळं माझा काही जमला नाही.)

उरलेल्यांचं मग रीतसर इन्स्पेक्शन.

आधी पावलं. आमच्या इथून कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक जवळ आहे, सकाळी साडेपाचला फेब्रुवारीत बऱ्यापैकी गार असतं, मफलर गुंडाळून गेलो आणि तोंडानं मोजत बरोबर ५०० पावलं चाललो, फोन पँटच्या उजव्या खिशात, तिन्ही ॲप चालू. असं पाच वेळा केलं. शेजारून जाणारे काका लोक माझ्याकडं बघत होते, कोणाला वाटलं असेल जप चाललाय. पहिल्या ॲपनं ४८० ते ४९० च्या मधे दाखवलं, पाचही वेळा. दुसऱ्यानं एकदा ४३०, एकदा ५६०, एकदा सरळ ५०३. तिसरा जवळपास बरोबर होता, पण सोमवारी बाइकवरून त्र्यंबक रोडनं कंपनीत गेलो तर खड्ड्यांचे पण ६०० पावलं धरली त्यानं, म्हणजे महापालिकेनं माझा व्यायाम करून घेतला.

मी पहिला ठेवला. घरच्यांना वाटलं की तो तर दर वेळी कमीच दाखवतो, मग तो का. पण ज्यानं व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, हातात धरलाय त्याला कळेल, झिरो एरर असलेला व्हर्निअर चालतो, कारण तो रोज तेवढाच चुकतो आणि आपण तेवढं धरून चालतो. जो एकदा बरोबर आणि एकदा भलतंच दाखवतो तो स्क्रॅप. मला कालच्यापेक्षा आज जास्त चाललो का एवढंच कळायला हवं होतं, अचूक पावलं मोजून मला कुठं बक्षीस मिळणार होतं. आणि तसंही लाइनवर मोबाइल चालत नाही आमच्याकडं, आठ तास फोन लॉकरमधे, त्यामुळं माझी निम्मी चाल कोणत्याच ॲपला कधी दिसणार नाही.

मधेच एक घोळ झाला, दोन दिवस सकाळी अकरानंतर आकडा हलेचना. मला वाटलं ॲप बिघडला, काढणारच होतो, तर मुलगी म्हणाली फोन स्वतःच बॅटरी वाचवायला मागचे ॲप बंद करतोय. सेटिंगमधे त्या ॲपच्या बॅटरीला अनरिस्ट्रिक्टेड करावं लागतं, केलं आणि सुरळीत झालं. हे कोणी सांगत नाही आणि लोक ॲपला शिव्या देत बसतात.

दहा हजार पावलांचं पण एक सांगतो. बऱ्याच ॲपमधे आल्या आल्या तेच टार्गेट टाकलेलं असतं, मला वाटायचं हे कुठल्यातरी मेडिकल कौन्सिलनं ठरवलंय. तर १९६४ ला टोकियोत ऑलिम्पिक झालं, त्याच्या पुढच्या वर्षी तिथल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा तिथून सुरू झाला, जाहिरातीतून. त्यापेक्षा मी ठेवलेल्या त्या पहिल्या ॲपमधले, म्हणजे गुगल फिटमधले, हार्ट पॉइंट मला कामाचे वाटले, भरभर चाललं की मिनिटाला एक पॉइंट, धावलं की दोन, आणि आठवड्याचं टार्गेट १५०, जे जागतिक आरोग्य संघटना पण सांगते आणि डॉक्टर पण तेच म्हणाले होते. रमतगमत चाललं की पॉइंट मिळत नाही. पहिल्या आठवड्यात माझे ४१ झाले, आणि मी समजत होतो मी खूप चालतो.

कॅलरीत मी हरलो, प्रामाणिकपणे सांगतो. सोमवार ते शनिवार नीट चाललं होतं, रविवारी मिसळ. नाशिकमधे राहून रविवारी मिसळ खायची नाही हे मला जमणार नाही आणि डॉक्टरांनी पण बंद कर म्हणून सांगितलं नव्हतं. ॲपमधे मिसळ शोधली तर सात नोंदी, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांच्यात दुपटीचा फरक, लोकांनीच भरलेल्या असतात त्या. कोणती निवडायची? रस्सा दोनदा घेतला, वरचं तेल बाजूला केलं, पाव दीड, पापड एक, याचं बटण कुठंय? मग बाजरीची भाकरी. ॲपमधे एक नग ४० ग्रॅम. आईच्या हातची एक भाकरी किचनच्या काट्यावर ठेवली, ११५ ग्रॅम! आई म्हणाली, "अरे भाकरी काय सोनं आहे का मोजायला?" आणि बायको जळगावची, तिची शेवभाजी तर त्या यादीतच नाही. तीन आठवडे रोज पंधरा मिनिटं भरण्यात घातली, मग लक्षात आलं की भरायचा कंटाळा येतो म्हणून मी भरायला सोप्पं तेच खातोय, बिस्किट. पाकिटावर छापलेलं असतं ना. तेव्हा बंद केलं. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, आमच्या स्टोअरच्या एकानं त्यावरच नऊ किलो उतरवलंय.

त्यातल्याच एका ॲपनं मला पैशाला पण गंडवलं, म्हणजे चूक माझीच म्हणा. सात दिवस फुकट होतं, पुढं वर्षाचे १,९९९. मी चौथ्या दिवशी ॲप काढून टाकला आणि निर्धास्त झालो. ॲप काढला म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही हे मला पैसे कटल्यावर कळलं. आदल्या दिवशी मेसेज पण आला होता, पैसे कटायच्या किमान २४ तास आधी कळवायचा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, पण मेसेज वाचतो कोण. आता फुकट ट्रायल घेतली की त्याच मिनिटाला प्ले स्टोअरमधे जाऊन सबस्क्रिप्शन कॅन्सल करून ठेवतो, बहुतेक ठिकाणी ट्रायलचे दिवस तरी पण मिळतात. परस्पर यूपीआयवर ऑटोपे लावलेला असेल तर यूपीआयच्या ॲपमधे जाऊन बंद करायचा.

दुसऱ्या एकानं कॉन्टॅक्ट, लोकेशन, माइक सगळं मागितलं. मी घाईत अलाऊ, अलाऊ करत गेलो आणि तिसऱ्या दिवसापासून 'सर तुमच्या शुगरसाठी प्लॅन आहे' म्हणून फोन. शुगरचा आकडा मी फक्त त्या ॲपमधे भरला होता. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपच्या पानावर डेटा सेफ्टी म्हणून भाग असतो, तिथं कोणती माहिती घेतात आणि कोणाला देतात ते लिहिलेलं असतं, पण ते कंपनीनं स्वतःच भरलेलं असतं, म्हणजे सप्लायरचं स्वतःचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट. वाचायचं, पण डोळे झाकून पास नाही करायचं. पावलं मोजणाऱ्याला माझ्या कॉन्टॅक्टची काय गरज, एवढा प्रश्न विचारला तरी निम्मे ॲप गळतात.

आणि आता टोमॅटो. बीपीचा जो ॲप होता त्यात कॅमेऱ्यावर बोट ठेवायचं, वीस सेकंदांत बीपी. माझं ११८/७६. मी खूश. बायकोचं ११७/७६. आईचं, जी दहा वर्षं बीपीची गोळी घेते, ११९/७७. मला शंका आली, ओट्यावर टोमॅटो होता तो ठेवला. १२१/७८. टोमॅटोची तब्येत उत्तम. हसायची गोष्ट आहे पण आईनं तो आकडा बघून "आज गोळी नको घेऊ का?" विचारलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नंतर वाचलं, अमेरिकेत अशाच एका ॲपची २०१६ मधे जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी तपासणी केली, ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं त्यातल्या पाचातल्या जवळपास चौघांना तो नॉर्मल सांगत होता. दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून दंडाला पट्टा लावायचं मशीन आणलं. पाच मिनिटं शांत बसून, चहाच्या आधी, दोनदा घ्यायचं, घरी १३५/८५ च्या वर सारखं येत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. आकडे मी कॅलेंडरवर पेन्सिलनं लिहितो, त्याला ॲप कशाला.

शेवटी फोनमधे दोनच राहिले. एक हार्ट पॉइंटचा आणि एक नंतर घेतलेला साधा सवयीचा, ज्यात रोज एकच टिक करायची, आठच्या आत जेवलो की नाही. फर्स्ट शिफ्टला टिक, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात फुली. सेकंड शिफ्टचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले मोठं जेवण दुपारी उरका, डबा हलका न्या, तेव्हापासून फुलीच्या जागी अर्धी टिक मारतो, ॲपमधे तशी सोय नाही पण शेजारी नोट लिहिता येते.

मे अखेर परत रक्त दिलं, ५.८. वजन ८२, म्हणजे ६ काही झालं नाही, ४ झालं. बीपी घरी १३० च्या आसपास. डॉक्टरांनी मोबाइलकडं बघितलं पण नाही, कॅलेंडरचा फोटो मात्र मोठा करून बघितला आणि सहा महिन्यांनी या म्हणाले.

आता पाऊस सुरू झालाय, ट्रॅकवर चिखल, त्यामुळं सकाळी बिल्डिंगचे जिने चढतो, चार मजले, खाली-वर, वीस मिनिटं. घामानं शर्ट चिकटतो आणि ॲप म्हणतो ६ पॉइंट. हे काही पटत नाही. पायऱ्या मोजल्यात, ७२ आहेत, रविवारी मुलगी स्टॉपवॉच घेऊन खाली उभी राहणारे.