काजळाच्या डबीवरचा ससा

आज गुलमंडीवर भाचीसोबत काजळ घ्यायला गेले. (माझी आजी एरंडेलाच्या दिव्यावर काजळ धरायची, आता डबीच बरी.) डबीवर सशाचं चित्र. "मावशी, हे काय गं?" म्हणलं, प्राण्यांवर चाचणी केली नाही याची खूण. "मग आधी करायचे?"

करायचे. १९३० च्या दशकात अमेरिकेत पापण्यांच्या एका रंगानं एका बाईची दृष्टीच गेली. सौंदर्यप्रसाधनांवर सरकारी देखरेख आणणारा तिथला १९३८ चा कायदा यायला असली प्रकरणंही कारण. मग १९४४ मध्ये ड्रेझ चाचणी निघाली: सशाच्या डोळ्यात पदार्थ टाकायचा अन् डोळा किती लाल होतो, किती गढुळतो, ते दिवसेंदिवस बघत बसायचं. मुका जीव. आपल्याकडं सौंदर्यप्रसाधनांसाठी हे २०१४ मध्ये बंद झालं.

घरी आले तर आई इन्सुलिन घेत बसलेली. ते १९२१ मध्ये टोरांटोत कुत्र्यांवर प्रयोग करून सापडलं, अन् पुढं कितीतरी वर्षं गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे. आई माळकरी, तिला हे आजवर सांगितलं नाही.

"आजीच्या औषधावर ससा का नाही गं?"

मी भाकरी टाकायला उठले.