बंदूक कुलपातच होती

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. लिफ्टमध्ये विचारलंत, हळदीकुंकवाला विचारलंत, मांजराचं खाणं घ्यायला गेले तर दुकानातही विचारलंत. "घरात बंदुका आणि वर मांजरं? भीती नाही वाटत?" मी दर वेळी हसून म्हणते, "कुलपात असते हो." ते खोटं नाही. पण ते अर्धंच उत्तर आहे, आणि अर्धं उत्तर देऊन देऊन आता कंटाळा आलाय.

आधी थोडं भांडून घेते. तुमच्या डोळ्यांसमोर जी बंदूक येते ती नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, बारा बोरची दुनळी. मुळशीच्या शेतावर रानडुकरं यायची, त्या राखणीसाठी घेतलेली. नाना गेल्यावर ती नवऱ्याच्या परवान्यावर चढवायला किती फेऱ्या झाल्या ते त्यालाच विचारा. ती लोखंडी कपाटात असते, काडतुसं दुसऱ्या खोलीत दुसऱ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात ठेवायच्या नाहीत हा नानांचाच नियम. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. २०२४ साली लोकसभा झाली, विधानसभा झाली, त्या वर्षी ती आमच्याकडे पाहुण्यासारखी येऊन-जाऊन होती. मांजरांना तिच्यापासून झालेला एकूण त्रास सांगू? बटर एकदा त्या कपाटात शिरला आणि वीस मिनिटं कोंडला गेला. बस.

(खारी आणि बटर. दोघांना एकाच खोक्यातून आणलं, खोकं बेकरीचं होतं. यापेक्षा मोठी कथा त्या नावांमागे नाही.)

घरातली दुसरी बंदूक तुम्हाला बंदूक वाटत नाही, आणि आम्हालाही वाटत नव्हती. सईची, म्हणजे माझ्या मुलीची, एअर रायफल. ४.५ मिलिमीटरचा छरा, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, एका डबीत पाचशे. हिला परवाना लागत नाही. सई बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जाते, दहा मीटरवर नेम धरते. तिथे मधला ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे पेन टेकवल्यावर उमटतो तेवढा. घरी गोळी झाडायची नाही, फक्त ड्राय. हॉलच्या भिंतीवर कागदाचा ठिपका, अंगात ते ताठ कडक जॅकेट, रायफल रिकामी, आणि चाप दाबायचा. पुन्हा दाबायचा. तासभर. त्या तासात बटर तिच्या दोन पायांमधून आठाचा आकडा काढत फिरायचा आणि ती हलायची नाही. तिचे सर म्हणायचे, यासारखा सराव नाही.

आम्ही निष्काळजी नव्हतो. सिलिंडरमधून रायफलीत हवा भरताना शेवटी जी फुस्स होते, ती मांजराला भांडायला आलेल्या बोक्यासारखी वाटते. त्यांना ६० किलोहर्ट्झच्या वरचंही ऐकू येतं, आपलं २०ला संपतं. म्हणून हवा भरताना दोघं बेडरूममध्ये बंद. छरे शिशाचे, म्हणून हाताळले की साबणानं हात धुतल्याशिवाय मांजराला हात लावायचा नाही, कारण मांजर अंग चाटतं आणि तुमच्या हातावरचं त्याच्या पोटात जातं. मॅच रायफलचा चाप इतका हलका असतो की मांजराचं पाऊलही पुरेल, म्हणून रायफल खाली ठेवली की नळीत दोरी. हे मी पाठ म्हणून दाखवत असे. पाहुण्यांसमोर जरा जास्तच.

आता ती दोरी.

नेमबाजीत नियम आहे, रायफल हातात नसेल तेव्हा नळीतून भडक रंगाची दोरी आरपार घालून ठेवायची. दोन्ही टोकांना ती दिसली म्हणजे आत छरा नाही, कुणीही लांबूनच ओळखावं. रेंजवरची दोरी जाड, ताठ प्लास्टिकची असते. ती सईच्या बॅगेत असायची. घरच्यासाठी नवऱ्यानं एक बनवली. गवंडी भिंत सरळ यावी म्हणून बांधतात ती पोपटी लाइनदोरी, हार्डवेअरच्या दुकानातली, साधारण दोन फूट. ती बारीक, मऊ, नळीतून सहज खाली जाईना, म्हणून टोकाला गळाला लावतात तसला शिशाचा बारीक मणी चेपून बसवला. कल्पक माणूस. मीच कौतुक केलं होतं.

जून २०२३. पालख्या पुण्यात होत्या. खारीनं सोमवारी सकाळी दोनदा ओकलं. मांजर ओकतं, त्यात काय. दुपारी जेवली नाही. रात्री कपड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, माझ्या पैठणीवर जाऊन बसली आणि भिंतीकडे तोंड केलं. मंगळवारी फेसाळ पिवळं पाणी ओकली. मी म्हटलं, रस्ते बंद असतील, बुधवारी नेऊ. हे वाक्य मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं, रस्ते बंद होते म्हणून उशीर झाला असं. आमचा दवाखाना कोथरूडातच आहे, घरापासून रिक्षानं दहा मिनिटं. पालखी त्या वाटेनं जात नाही.

बुधवारी डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं, अंगठ्यानं खालून जीभ वर उचलली आणि थांबले. जिभेच्या मुळाशी पोपटी रेघ होती. इतकी घट्ट की मांसात रुतलेली. मी पुढे होऊन हात घालणार तेवढ्यात ते ओरडले, "ओढू नका!" एक टोक जिभेला अडकलं की उरलेली दोरी आतडं पुढे ढकलत राहतं, पण दोरी जात नाही, मग आतडंच दोरीवर चढत जातं. परकराची नाडी ओढल्यावर नेफा गोळा होतो ना, तसं. आणि नाडी कापडाला कापते तसं ती आतल्या बाजूनं आतड्याला कापते. ओढलं असतं तर तिथेच टेबलावर फाटलं असतं.

एक्स-रेमध्ये नायलॉन दिसत नाही. आतड्याची गोळा झालेली चुणी दिसत होती, आणि तिच्या शेवटी एक पांढराशुभ्र ठिपका. मदतनीस मुलगा तो ठिपका बघून माझ्याकडे वळला. "मॅडम, हिला कुणी छरा मारलाय का?"

मी "नाही" म्हणाले. मग त्यानं स्वाभाविक पुढचं विचारलं, घरी एअरगन आहे का. मी "हो" म्हणाले. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेले नाही. तेव्हा मला त्या पोराचा इतका राग आला की काय सांगू. आज वाटतं, त्यानं दुसरं काय समजायचं होतं?

तीन ठिकाणी आतडं उघडावं लागलं. दोरी तुकड्या-तुकड्यानं काढली. दोन दिवस ती बरी वाटली, चमचाभर पातळ खाल्लं, माझ्या बोटाला डोकं घासलं. चौथ्या दिवशी ताप चढला. आतड्याचं शिवण सुटलं होतं, पोटात सगळीकडे गेलं. डॉक्टरांनी ही शक्यता आधीच सांगितली होती, मी ऐकलं नव्हतं एवढंच. पाचव्या दिवशी पहाटे गेली. तीन वर्षांची होती.

सई रडत एकच म्हणत होती, "मी दोरी नळीतून काढली आणि टेबलावरच राहिली." आणि मी तिला म्हणाले, "चूक सगळ्यांच्याच हातून होते गं."

इथे मला थांबून स्वतःची कानउघाडणी करावीशी वाटते. कारण दोरी टेबलावर राहिली नव्हती. सईनं ती डबीत ठेवली होती. रविवारी संध्याकाळी ती डबीतून मी काढली. मणी लावल्यामुळे ती फरशीवर सुरेख सरपटायची, खारी तिच्यामागे उड्या मारायची. मी बावीस सेकंदांचा व्हिडिओ काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मावशीनं सात बदाम पाठवले. मग फोन आला, मी बोलत स्वयंपाकघरात गेले, दोरी तिथेच.

तेव्हाची मी अजून वाद घालते. म्हणते, मांजराला दोरीशी कोण खेळवत नाही? बंदुकीचा काय संबंध? लोकरीच्या गुंड्यानं हेच झालं असतं, राखीच्या रेशमानं झालं असतं. डॉक्टरही म्हणाले, त्यांच्याकडे येणाऱ्या अशा मांजरांत सुई-दोराच जास्त. बरोबर आहे. पण मग मला आठवतं की बारा बोरची किल्ली कुठे आहे हे मला झोपेतही सांगता आलं असतं, आणि या डबीला साधं झाकणही घट्ट बसत नव्हतं. सरकारनं जिला परवाना मागितला तिला आम्ही घाबरलो. बाकीचं सगळं खेळाचं सामान. आणि ती दोरी तर सुरक्षिततेचीच होती, तिच्याबद्दल संशय कुणाला येणार?

सईला मी आठ महिन्यांनी सांगितलं. रात्री, गाडीत, तिच्याकडे न बघता. ती म्हणाली, "मला माहीत होतं. व्हिडिओत हात दिसतो. बांगडी तुझी आहे." पुढे सिग्नल सुटला. तिनं मला माफ केलंय की नाही ते मी विचारलेलं नाही. ती रायफल चालवते अजून. नवऱ्याचं म्हणणं होतं बंद करू, मी म्हटलं का म्हणून, आणि अजून मला माझं उत्तर पटलेलं नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेला पॅरिसला ब्राँझ मिळालं तेव्हा सोसायटीनं पेढे वाटले. आठवडाभर कुणी भीतीचं विचारलं नाही. मग गणपतीत पुन्हा सुरू.

तर, भीती वाटते का. वाटते. पण तुम्ही ज्या कपाटाकडे बोट दाखवता त्या कपाटाची नाही. आता घरी फक्त रेंजवरची जाड दोरी आहे, आणि ती त्याच लोखंडी कपाटात, दुनळीच्या शेजारी असते. सई ड्राय झालं की दोरी नळीत घालते, रायफल पेटीत, पेटी कपाटात, मग किल्ली माझ्याकडे देते. काही न बोलता, तळहातावर.

आणि परवा बटर सोफ्याखाली काहीतरी चघळत होता. तोंड उघडलं, जीभ उचलून बघितली, मग बाहेर काढलं. केसांचं रबर. माझंच.