माँत्रोच्या कसिनोतला पाचगणीचा पोरगा

स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून रेल्वेने पंचवीसेक मिनिटांत माँत्रो येतं. आपल्याकडच्या टूरच्या बसेस शियाँचा किल्ला बघायला या बाजूला येतात, तळ्याकाठी थांबतात, फोटो काढतात आणि निघतात. फोटोत बहुतेकदा मूठ उगारलेला एक पुतळा येतो, १९९६ साली बसवलेला. तो फ्रेडी मर्क्युरी, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक. पुतळ्यापाशी गर्दी असते, पण बघण्यासारखं खरं आहे ते जवळच्या कसिनोत.

क्वीन बँडने १९७९ मध्ये इथला माउंटन स्टुडिओ विकत घेतला. गायक डेव्हिड बोवीबरोबरचं ‘अंडर प्रेशर’ हे गाणं १९८१ साली इथेच झालं. स्टुडिओ पुढे इथून हलला आणि २०१३ पासून त्या जागी प्रदर्शन आहे. प्रवेश फुकट. रंगमंचावरचे कपडे, वाद्यं, हाताने लिहिलेले गाण्यांचे कागद असं सगळं मांडलंय. अंगावर मुकुट आणि झूल चढवून हजारोंना नाचवणारा माणूस म्हणून आपण फ्रेडीला ओळखतो, त्यामुळे लोक आधी कपड्यांकडेच धावतात. मीही धावले.

पण मला रेंगाळावंसं वाटलं ते कंट्रोल रूममध्ये. खोली जुनी होती तशीच पुन्हा उभी केलीय. मिक्सरच्या पट्ट्या वरखाली करून फ्रेडीचा आवाज आपण स्वतः वाढवू-घटवू शकतो. १९९१ च्या मे महिन्यात, एड्सने पार खंगलेला असताना, त्याने इथे ‘मदर लव्ह’ गायलं. शेवटचं कडवं राहिलं, ते नंतर बँडचा गिटारवादक ब्रायन मेने गायलं. त्याच नोव्हेंबरात फ्रेडी गेला. झगमगाटाबद्दल सगळे बोलतात; पायात त्राण नसताना रेकॉर्डिंगला उभं राहण्याबद्दल क्वचितच कोणी. माझ्या मते कलाकार बघायचा तो इथे, त्या कपड्यांत नाही.

आणि हा फ्रेडी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, १९४६ साली झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मलेला, आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये वसतिगृहात आला होता. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथला, शाळासोबत्यांचा. हा पियानो वाजवायचा. ‘फ्रेडी’ हे नावही त्या शाळेतच पडलं. आपण पाचगणीला जातो ते टेबललँडवर घोड्यावर बसायला आणि स्ट्रॉबेरी क्रीम खायला! (मी तर कित्येकदा गेलेय, आणि शाळेचं फाटकसुद्धा बघितलेलं नाही.)

प्रवेश फुकट असला तरी बाहेर पडताना काहीतरी द्याच. पैसे मर्क्युरी फिनिक्स ट्रस्टला, म्हणजे एड्सविरुद्धच्या कामाला जातात. टूरमध्ये तासभर मोकळा मिळत असेल तर किल्ल्यानंतर इकडे वळा. सप्टेंबरात, त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास मात्र जगभरचे चाहते येऊन थडकतात. गर्दी नको असेल तर तेवढे दिवस टाळा. गाणी येत असतील, तर मुद्दाम तेव्हाच या.