ह्यात गाणं कुठंय?

लग्नात भेटा, रंकाळ्यावर भेटा, पाच मिनिटांत विषय तिथंच येतो. "अजून तो रेकॉर्डर घेऊन फिरतोस काय रे? त्यात गाणं कुठं असतंय?" गेल्या महिन्यात आत्यानं विचारलं, परवा तुमच्यातल्याच दोघांनी विचारलंत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

गाणं नसतंच. मी आवाज रेकॉर्ड करतो, घरी येऊन हेडफोन लावून ऐकतो, कधी दोन-तीन आवाज एकावर एक ठेवून बघतो, एवढंच. ह्याला साऊंड आर्ट म्हणतात, पण ते नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा असा होतो की मी आता घेतच नाही.

पण खरं सांगू का, कोल्हापूरकरानं हे विचारावं ह्याचंच मला हसू येतं. अहो, आपल्याकडं माणूस चप्पल लाईनला जाऊन वाजणारं पायताण मागतो, दुकानातच चार पावलं चालून करकर नीट येते का बघतो, मनासारखी नाही आली तर दुसरा जोड काढायला लावतो, आणि वर मला विचारतो आवाज कशाला ऐकतोस! त्या करकरीत कुठंय गाणं?

जॉन केज नावाचा एक अमेरिकन संगीतकार होता. १९५२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकला त्याची एक रचना झाली, पियानोवर डेव्हिड ट्यूडर बसला आणि ४ मिनिटं ३३ सेकंद त्यानं एक सूर वाजवला नाही. लोक वैतागले, काही उठून गेले. केजचं म्हणणं, तुम्ही ऐकलंच नाही, बाहेर वारा होता, मग छपरावर पावसाचे थेंब पडले, शेवटी तुमचीच कुजबुज. हे मी एकदा मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, तिकिटाचे पैसे परत दिले काय? (प्रश्न बरोबर आहे त्याचा.)

मला मात्र केजपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त पटते. आपल्या दरबारचे गवई अल्लादियाखाँसाहेब, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर, ह्यांची भैरवी १९७७ साली अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या, परक्या कुणाला सापडलीच तर पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून ठेवलेल्या ध्वनितबकडीत गेली हे बऱ्याच जणांना माहीत असतं, अभिमानानं फॉरवर्ड पण करतात. पण त्याच तबकडीत पाऊस आहे, बेडूक आहेत, कुत्रं आहे, लोहाराचा घाव आहे, आगगाडी आहे, हसणं आहे, हे कुणी फॉरवर्ड करत नाही. म्हणजे पृथ्वी कशी वाजते हे सांगायची वेळ आली तेव्हा केसरबाई आणि बेडूक दोघंही लागले. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, बेडकाचं काय कौतुक, आपल्या परड्यात पावसाळाभर ओरडतंय की.

तर माझं सगळ्यात आवडतं रेकॉर्डिंग गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरचं आहे. म्हैस समोर पिळतात, लोक ग्लास घेऊन उभे, आणि रिकाम्या कासंडीत पहिली धार पडते ती एकदम टणक, पत्र्यावर पडल्यासारखी. मग तळ भरत जातो तसा तो टणकपणा जातो, फेस चढला की नुसतं झुर्र झुर्र, आवाज दुधातच बुडतो. मधेच हॉर्न वाजतात, कुणीतरी "आण्णा, फेस कमी घाला" म्हणतं. माझ्या माईकवर वाऱ्यासाठी केसाळ टोपी असते, ती बघून एक पोरगं मांजर म्हणून हात लावायला आलं, तेही आहे त्यात. तीन मिनिटं. शंभरवेळा तरी ऐकली असतील.

एकदा तिथं म्हैस पिळणाऱ्या मामांनाच हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून अर्धा मिनिट ऐकलं आणि विचारलं, "ही कुठली म्हैस म्हणून लिवलंय?" मी म्हटलं, मामा, तुमची थोरली, तुम्हीच सांगितलं होतं.

"थोरली न्हाय ही. थोरलीची धार जाड पडते. ही धाकटी हाय, आणि त्या दिवशी पान्हा चोरत हुती."

घरी येऊन फाईलचं नाव बदललं.